संघ कुणाचा? मैदान हलतं तेव्हा प्रेक्षक कुठे असतो



आज आपण फुटबॉलबद्दल बोलणार आहोत. त्यातही खेळाबद्दल कमी आणि मालकीबद्दल जास्त. वळमध्ये हा विषय घ्यायला कारण आहे. वळ, दापोडे, पूर्णा, काल्हेर, माणकोली या पट्ट्यात भातशेतीच्या जागी गोदामं कशी उभी राहिली, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेरची जमीन, जवळून जाणारा महामार्ग, मुंबईपेक्षा कमी भाडं, त्यामुळे माल इथे आला. गोदामाचा व्यवहार तुम्हाला पाठ आहे. आज माल इथे. उद्या दुसरीकडे परवडलं की ट्रक भरून तिकडे. मालाला कुणी विचारत नाही की बाबा, तुला जायचंय का?

आता प्रश्न असा, की खेळाचा संघ हा असा माल आहे का?

पुण्यापासून सुरुवात करू. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली, आठ संघांची. त्यात एफसी पुणे सिटी हा एक संघ. मालकी वाधवान समूहाची, जोडीला चित्रपटातले चेहरे, मैदान बालेवाडीचं, म्हणजे राज्य सरकारच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलातलं. पाच हंगाम हा संघ खेळला. २०१७-१८ मध्ये उपांत्य फेरीपर्यंत गेला. पुढे मालक समूह आर्थिक अडचणीत सापडला, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये कळलं की पुण्याची जागा आता हैदराबादला जाणार. नवे मालक, नवं नाव, नवं शहर. बरेचसे खेळाडू तिकडे गेले. त्याच महिन्यात दिल्ली डायनामोज हा संघ भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा एफसी झाला. म्हणजे आठांपैकी दोन शहरं एका महिन्यात लीगच्या नकाशावरून पुसली गेली.

गोष्ट इथे संपत नाही. हैदराबादने २०२२ साली फातोर्ड्याला केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून करंडक जिंकला. आणि मग? २०२५ मध्ये तीच जागा दिल्लीला गेली, आता नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली. पुण्याहून निघालेला ट्रक हैदराबादला उतरला, पुन्हा भरला आणि दिल्लीला गेला. करंडकाच्या मिरवणुकीत नाचलेला हैदराबादचा पोरगा आज कुणाला आपलं म्हणतो?

पुण्यात हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी २००७ साली सुरू झाला, २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला, आणि २०१५ मध्ये त्याचा मुख्य संघ बंद झाला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच हंगाम टिकला, तोही २०१५ मध्येच गेला. डीएसके शिवाजीयन्स २०१७ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडला. मग पुणे सिटी. २०१५ ते २०१९, चार वर्षांत एका शहराचे चार संघ गेले. मुंबईत तर १९६२ पासूनचा महिंद्रा युनायटेड, २००५-०६ चा राष्ट्रीय लीगविजेता, २०१० मध्ये कंपनीच्या निर्णयाने बंद झाला.

पुण्यात फुटबॉलवेडे नव्हते का? होते, चांगले होते. नारिंगी जर्सी घालून ढोल-ताशे घेऊन बालेवाडीला जाणारी पोरं होती. हळहळ झाली, राग झाला. पण मालकांना अडवील असा लढा उभा राहिला नाही. असं का झालं, ते आज बघायचं आहे.

तुलनेसाठी लंडनला जाऊ. लंडनच्या दक्षिणेला विम्बल्डन नावाचा भाग आहे. आपल्याला तो टेनिसमुळे माहीत. तिथला फुटबॉल क्लब १८८९ चा. (आपला मोहन बागान त्याच सालचा, हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.) १९१२ पासून त्यांचं मैदान प्लाउ लेन. छोटा क्लब, छोटं मैदान. १९७७ मध्ये तो व्यावसायिक लीगमध्ये आला, १९८६ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पोहोचला, आणि १९८८ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात त्याने लिव्हरपूलला १-० ने हरवलं.

१९८९ मध्ये हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी होऊन माणसं मेली. त्यानंतर नियम आला की वरच्या श्रेणींच्या मैदानांत सगळ्यांना बसायला खुर्च्या हव्यात. प्लाउ लेन त्यात बसेना. १९९१ मध्ये मालकांनी संघ क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर नेला, भाड्याने. १९९८ मध्ये जुन्या मैदानाची जागा एका सुपरमार्केट कंपनीला विकली. समर्थक चिडले, पण सामने बघत राहिले, कारण पॅलेसचं मैदान लंडनमध्येच होतं आणि परत येण्याची आशा होती.

२००१ च्या ऑगस्टमध्ये मालकांनी जाहीर केलं की क्लब मिल्टन कीन्सला नेणार. हे १९६७ नंतर वसवलेलं नवं शहर, सुमारे ९० किलोमीटरवर. तिथे व्यावसायिक फुटबॉल संघ नव्हता, म्हणजे रिकामी बाजारपेठ. मग समर्थकांनी निदर्शनं केली, पत्रकं वाटली, सामन्यांवर बहिष्कार टाकला. लीगने आधी परवानगी नाकारली. प्रकरण फुटबॉल असोसिएशनने नेमलेल्या तीन जणांच्या आयोगाकडे गेलं, आणि २८ मे २००२ रोजी आयोगाने दोन विरुद्ध एक मतांनी परवानगी दिली. समर्थक हरले.

पुढे त्यांनी काय केलं बघा. काही आठवड्यांतच त्यांनी स्वतःचा नवा क्लब काढला, एएफसी विम्बल्डन. खेळाडू निवडायला गावाच्या मोकळ्या माळावर चाचणी ठेवली. १० जुलै २००२ ला पहिला मैत्रीपूर्ण सामना झाला. संघ ०-४ ने हरला, पण बघायला साडेचार हजारांवर लोक होते. त्याच हंगामात जुन्या क्लबच्या एका सामन्याला हजार प्रेक्षकही जमले नाहीत. नवा क्लब नवव्या श्रेणीतून सुरू झाला आणि पाच बढत्या मिळवून नऊ वर्षांत, २०११ मध्ये, व्यावसायिक लीगमध्ये परतला. मिल्टन कीन्सच्या क्लबने २००७ मध्ये जुन्या करंडकांवरचा आणि इतिहासावरचा दावा सोडला. २०२० मध्ये प्लाउ लेनवर, जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, नवं मैदान सुरू झालं. बांधकामाला पैसे कमी पडले तेव्हा समर्थकांनी रोखे घेऊन पन्नास लाख पौंडांहून अधिक रक्कम जमवली. आजही बहुमताची मालकी समर्थकांच्या ट्रस्टकडे आहे.

आता शेजारी शेजारी ठेवा. लंडनमध्ये ९० किलोमीटरसाठी बंड झालं. पुणे ते हैदराबाद साडेपाचशे किलोमीटरच्या वर, आणि आपण गप्प.

‘इंग्रजांना फुटबॉलचं वेड, आपल्याला क्रिकेटचं’ हे उत्तर सोपं आहे, पण खरं नाही. पुरावा आपल्याच देशात आहे. २०२० मध्ये मोहन बागानचं एटीके या सहा वर्षांच्या संघाशी विलीनीकरण झालं, कंपनीचा हिस्सा ऐंशी टक्के, आणि संघाचं नाव एटीके मोहन बागान झालं. कोलकात्यात समर्थक खवळले. मैदानही हललं नव्हतं, फक्त नावाआधी तीन अक्षरं लागली होती. तीन वर्षं मागणी चालली की एटीके काढा. २०२३ च्या मार्चमध्ये संघ लीग जिंकला आणि मालकांनी ती अक्षरं काढत असल्याचं जाहीर केलं. २०२१ च्या जुलैमध्ये ईस्ट बंगालचे समर्थक क्लबच्या पदाधिकाऱ्यांविरुद्ध रस्त्यावर उतरले, लाठ्या खाल्ल्या. तिथेही भांडण गुंतवणूकदाराबरोबरच्या कराराचंच होतं.

आणि कोलकात्यापर्यंत तरी कशाला? कोल्हापूर बघा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही सगळी तालमींची नावं. कुस्तीच्या तालमीच फुटबॉलचे संघ झाले. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठ हलते. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा. आता समजा, एखाद्या उद्योगपतीने ठरवलं की पाटाकडील तालीम उचलून नाशिकला न्यायची. विचारसुद्धा हास्यास्पद वाटतो ना? कारण तिथे संघ म्हणजेच पेठ. पेठ ट्रकमध्ये भरता येत नाही.

या आपलेपणाची काळी बाजूही सांगितली पाहिजे. कोल्हापुरात समर्थकांत हाणामाऱ्या होतात, सामने थांबवावे लागतात. संघ आपला म्हटला की दुसऱ्याचा संघ शत्रू वाटायला लागतो. ही किंमत आहे, ती लपवून चालणार नाही.

तर फरक कशात आहे? आमच्या मते तीन गोष्टींत. पहिली, वय. विम्बल्डनच्या माणसाला आजोबांनी मैदानावर नेलेलं असतं. पुणे सिटीचं वय पाच वर्षं, तेवढ्यात एक पिढीसुद्धा तयार होत नाही. दुसरी, जन्म. विम्बल्डनचा क्लब मोहल्ल्यातून वर आला. पुण्याचा संघ वरून आला. आधी लीग ठरली, मग शहरं वाटली, मग प्रेक्षक बोलावले. फ्रँचायझी हा शब्दच सांगतो की हक्क दिलेला आहे, आणि दिलेला हक्क दुसऱ्याला विकता येतो. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, सभासदत्व. पुण्यातला समर्थक तिकीट घेणारा ग्राहक होता. दुकान बंद झालं तर ग्राहक दुसऱ्या दुकानात जातो. भांडतो तो भागीदार. जर्मनीत तर बहुतेक क्लबांत मतांचं बहुमत सभासदांकडेच ठेवावं लागतं, असा लीगचा नियम आहे.

मैदान हलणं हे नेहमी पापच असतं, असंही नाही. आपल्याकडचं सर्वांत गाजलेलं स्थलांतर क्रिकेटचं. ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं; बॉम्बे क्रिकेट असोसिएशनचं त्यांच्याशी तिकिटांच्या वाट्यावरून बिनसलं. शेषराव वानखेडे यांनी हट्टाने दुसरं स्टेडियम उभारलं, आणि १९७५ च्या जानेवारीत वेस्ट इंडिजविरुद्धची कसोटी तिथे झाली. मुंबईकराने फारशी कुरकुर केली नाही, कारण नवं मैदान चालत जाण्याच्या अंतरावर आणि संघ तोच. पण एक गंमत बघा: दोन संस्था जागांच्या वाटपावर भांडल्या, आणि ज्याच्यासाठी जागा, त्या प्रेक्षकाला कुणी पक्षकार केलं नाही. त्याच कसोटीत क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ केल्या, त्याचं अभिनंदन करायला मैदानात धावलेल्या तरुणाला पोलिसांनी मारलं, आणि गॅलरी पेटून उठली. संघ प्रेक्षकाचा, पण मैदानात पाय ठेवायचा नाही.

मालकांची बाजूही ऐका. पगार ते देतात, मैदानाचं भाडं ते देतात, तोटा त्यांचा. विम्बल्डनच्या मालकांचं म्हणणंही हेच होतं, आणि त्यांचा क्लब २००३ मध्ये खरोखरच दिवाळखोरीच्या दारात गेला. परवडत नसेल तर दुकान बंद करायचा हक्क मालकाला आहे, हे आम्ही मान्य करतो. पण गावाचं नाव, गावाची माया, पोरांनी घसा फोडून दिलेली साथ ही त्याच्या ताळेबंदात कधी नव्हतीच. जे ताळेबंदात नाही, ते त्याला विकता कसं येईल? विम्बल्डनच्या लोकांनी हेच दाखवलं. कंपनी तुमची, घेऊन जा. क्लब आमचा, तो इथेच राहील.

शेवटी वळकडे येऊ. या पट्ट्यात गावोगावचे टेनिस क्रिकेटचे संघ आहेत. संघाला गावाचं नाव असतं, टी-शर्टवर पुरस्कर्त्याचं. पुरस्कर्ता दरवर्षी बदलतो, गाव बदलत नाही. म्हणजे विम्बल्डनला अकरा वर्षं भाड्याच्या मैदानावर काढून आणि एक क्लब गमावून जे कळलं, ते तुमच्याकडे आधीपासून आहे. कमी आहे ती कागदाची. तुमचं मंडळ नोंदलेलं आहे का? सभासदांची यादी आहे का, वर्षाला एक सभा होते का? आणि ज्या मैदानावर खेळता, त्याच्या सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे? एकदा तलाठ्याकडे जाऊन तो उतारा काढा. प्लाउ लेनच्या लोकांनी हा प्रश्न मैदान विकलं गेल्यावर विचारला. तुम्ही आधी विचारू शकता.