बॉम्ब आणि वेशीबाहेरचे स्मारक

सामूहिक संहाराची शस्त्रे म्हणजे कोणती, हे संयुक्त राष्ट्रांच्या एका आयोगाने १९४८ साली ठरविले: अणुशस्त्रे, किरणोत्सर्गी द्रव्यांची शस्त्रे, प्राणघातक रासायनिक व जैविक शस्त्रे. व्याख्या ठीक आहे. परंतु या समूहात कोण मोडतो आणि कोणाची मोजदाद होते, हा प्रश्न ती विचारीत नाही. तो आपण विचारला पाहिजे.

अमेरिकेच्या पहिल्या बॉम्बसाठी लागलेले बरेचसे युरेनियम बेल्जियमच्या ताब्यातील कांगोमधून, शिंकोलोब्वेच्या खाणीतून आले. उपसणारे हात काळ्या मजुरांचे होते. ६ ऑगस्ट १९४५ रोजी तो बॉम्ब हिरोशिमावर पडला. वर्षअखेरीपर्यंत सुमारे १,४०,००० माणसे मेली. त्यांत हजारो कोरियन होते. कोरिया १९१० पासून जपानची वसाहत. कोणी पोटासाठी आलेले, कोणी सक्तीच्या मजुरीला आणलेले. बॉम्बने जपानी-कोरियन असा भेद केला नाही. तो केला मागे उरलेल्या समाजाने. कोरियन मृतांचे स्मारक १९७० मध्ये उभे राहिले, ते शांती उद्यानाबाहेर, नदीपलीकडे. उद्यानात यायला त्याला १९९९ साल उजाडावे लागले. मेलेल्यांनाही गावकूस असते, हे आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको.

बॉम्बमधून वाचलेल्या 'हिबाकुशां'ना लग्न आणि नोकरी नाकारली गेली. त्यांचा आजार आपल्याला लागेल, अशी भीती लोकांना वाटे. विटाळाला विज्ञानयुगातही जागा सापडते ती अशी.

१ मार्च १९५४ रोजी बिकिनी बेटावर हिरोशिमाच्या सुमारे हजारपट शक्तीचा स्फोट झाला. राख राँगेलॅपच्या बेटवासीयांवर पडली. त्यांना तेथून हलविण्यास दोन दिवस लागले.

आपल्याकडे १८ मे १९७४ च्या पोखरण स्फोटाला बुद्धाच्या हास्याचे नाव मिळाले. ११ मे १९९८ चे स्फोट तर बुद्धपौर्णिमेलाच झाले. शेजारी अण्वस्त्रधारी असताना देशाने काय करावे, हा प्रश्न मी फोल मानीत नाही. परंतु १९५६ साली बाबासाहेबांनी ज्या बुद्धाच्या धम्मात आम्हांला नेले, त्याचे नाव या शस्त्राला देण्याचा अधिकार कोणाला होता? आम्हांला कोणी विचारले नाही.

आज जगात सुमारे १२,००० अण्वस्त्रे आहेत. त्यांवर बंदी घालणारा करार २०२१ मध्ये अमलात आला. एकही अण्वस्त्रधारी राष्ट्र त्यात नाही. या निर्णयात शोषितांचा आवाज असला पाहिजे, अशी माझी मागणी आहे. खाणीत आणि राखेत ते आधीपासूनच आहेत.