जॉन गारफिल्ड : अभिनेत्याची कारकीर्द आणि शीतयुद्धकालीन अमेरिका

प्रस्तावना :
अमेरिकन चित्रपटसृष्टीच्या इतिहासात १९३० व १९४० ही दशके स्टुडिओ व्यवस्थेच्या वैभवाची मानली जातात. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र कलावंतांच्या राजकीय निष्ठांची चौकशी सुरू झाली. अभिनेते जॉन गारफिल्ड यांची कारकीर्द या दोन्ही टप्प्यांची साक्षीदार आहे. प्रस्तुत लेखात तिचा आढावा घेतला आहे.

जडणघडण :
गारफिल्ड यांचा जन्म ४ मार्च १९१३ रोजी न्यूयॉर्क येथे एका गरीब स्थलांतरित ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव जेकब ज्युलियस गारफिंकल. बालपणीच मातृछत्र हरपलेल्या या मुलाला ब्रॉन्क्समधील शाळेचे मुख्याध्यापक अँजेलो पॅट्री यांनी अभिनयाची वाट दाखविली. पुढे महामंदीच्या काळात सामाजिक आशयाची नाटके करणाऱ्या 'ग्रुप थिएटर' या संस्थेत ते दाखल झाले. क्लिफर्ड ओडेट्स यांच्या 'गोल्डन बॉय' (१९३७) नाटकात मुख्य भूमिका न मिळाल्याने ते निराश झाले व हॉलिवूडकडे वळले.

चित्रपट कारकीर्द :
वॉर्नर ब्रदर्सच्या 'फोर डॉटर्स' (१९३८) या चित्रपटासाठी त्यांना सहायक अभिनेत्याचे ऑस्कर नामांकन मिळाले. परिस्थितीने गांजलेला, कडवट तरुण त्यांनी पडद्यावर प्रथमच इतक्या सहजतेने उभा केला. वॉर्नरशी असलेला करार संपल्यावर त्यांनी स्वतंत्र निर्मितीचा मार्ग स्वीकारला. 'बॉडी अँड सोल' (१९४७) मधील मुष्टियोद्ध्याच्या भूमिकेने त्यांना प्रमुख अभिनेत्याचे नामांकन मिळवून दिले. 'फोर्स ऑफ इव्हिल' (१९४८) मध्ये त्यांनी आकड्यांच्या जुगाराशी संगनमत करणारा वकील साकारला. पैशापुढे माणूस कसा विकला जातो, हे या दोन्ही चित्रपटांचे समान सूत्र होय.

चौकशी व अखेर :
जून १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'रेड चॅनेल्स' या पुस्तिकेतील १५१ नावांत गारफिल्ड यांचे नाव होते. २३ एप्रिल १९५१ रोजी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे त्यांनी आपण कम्युनिस्ट नसल्याचे सांगितले; परंतु कोणाचेही नाव घेतले नाही. त्यानंतर त्यांना चित्रपट मिळेनासे झाले. 'ही रॅन ऑल द वे' (१९५१) हा त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. १९५२ मध्ये ते रंगभूमीवर परतले, तेव्हा पूर्वी हुकलेली 'गोल्डन बॉय'मधील भूमिका त्यांना लाभली. २१ मे १९५२ रोजी वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्याच महिन्यात ओडेट्स यांनी समितीपुढे सहकाऱ्यांची नावे सांगितली होती.

निष्कर्ष :
गारफिल्ड यांच्यावर कोणताही गुन्हा सिद्ध झाला नाही. त्यांच्या बहिष्काराचा लेखी हुकूमही कोणत्या न्यायालयाने काढलेला नव्हता. म्हणूनच त्याविरुद्ध दाद मागण्याची सोय नव्हती. कायद्याने दिलेले स्वातंत्र्य अबाधित असतानाही उपजीविका हिरावून माणसाला गप्प करता येते, ही बाब त्यांच्या चरित्रातून स्पष्ट होते.