प्रेमकथेची पाठशाळा

प्रेम करावे कसे, हे कोणी कोणाला शिकवीत नाही. परंतु प्रेमाची कादंबरी लिहावी कशी, हे तरी शिकविता येते काय? या प्रश्नाचे निःशंक उत्तर देणारा एक मनुष्य आमच्या करवीर नगरीत सुमारे दोन तपे राहत होता. राजाराम कॉलेजात तो तर्कशास्त्र शिकवी आणि घरी बसून प्रणयकथा लिही. ते म्हणजे प्रा. नारायण सीताराम फडके.

फडक्यांपूर्वी मराठीत प्रेमकथा नव्हती असे नाही. हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ सालची. परंतु त्या काळच्या कथांत विरह, संकटे आणि अद्भुत योगायोग यांचेच राज्य असे. त्याचे कारण लेखकांच्या दुबळेपणात नव्हे, समाजात शोधले पाहिजे. जेथे मुलीचे लग्न आठव्या-दहाव्या वर्षी उरकले जाई, तेथे तिने कोणाला पाहावे आणि पसंत करावे कधी? विवाहाचे वय वाढले, मुली कॉलेजात जाऊ लागल्या. मुलीच्या विवाहाला चौदा वर्षांची किमान मर्यादा घालणारा शारदा कायदा १९२९ साली झाला. त्याच वर्षी फडक्यांची 'दौलत' निघाली. हा निव्वळ योगायोग खरा. पण दोहोंमागची हवा एकच होती.

१९३१ साली फडक्यांनी 'प्रतिभासाधन' लिहिले. प्रतिभा ही देवाची देणगी, अशी आपली परंपरागत समजूत. फडक्यांनी तिच्यापुढे 'साधन' हा शब्द ठेवला, येथेच खरी क्रांती आहे. कथानक, स्वभावरेखा, वातावरण, निवेदन, आरंभ आणि शेवट असे कथेचे अवयव त्यांनी सुटे करून दाखविले. गुंतागुंत, निरगाठ आणि उकल हे शब्द त्यांनी रूढ केले. नायक-नायिकेची भेट झाली म्हणजे कथा होत नाही. भेटीत अडचण हवी, अडचण पात्रांच्या स्वभावातून यावी, आणि उकल आभाळातून पडू नये. तर्कशास्त्राच्या प्राध्यापकालाच शोभणारी ही शिकवण होती. पाश्चात्त्य ग्रंथांचा त्यांनी आधार घेतला, म्हणून टीकाही पुष्कळ झाली. पण होतकरू लेखकाला मराठीत हाती धरायला काहीतरी मिळाले, हे नाकारता येत नाही.

शिकलेले छापून यायलाही जागा होती. पुण्याचे 'रत्नाकर' आणि जवळच्या किर्लोस्करवाडीचे 'किर्लोस्कर' यांसारख्या मासिकांना कथा हव्या असत. मासिकाची पाने मोजकी आणि वाचक अधीर. तेव्हा पाल्हाळ आपोआप गळे. संपादकाची कात्री हीही एक शाळाच होती.

मात्र या शाळेतून बाहेर पडलेल्या पुष्कळ कथा एकाच साच्यातल्या निघाल्या. तोच देखणा तरुण, तीच सुशिक्षित युवती, तेच चांदणे. पंचगंगेच्या काठी ऊस तोडणाऱ्या माणसालाही हृदय असते, याची त्यांना फारशी दखल नव्हती.

अशा वेळी, १९३८ साली, शिरोड्याची शाळा सोडून वि. स. खांडेकर कोल्हापुरास आले. मास्टर विनायकांच्या चित्रपटांसाठी ते आधीपासूनच लिहीत होते. 'कलेसाठी कला' आणि 'जीवनासाठी कला' हा वाद महाराष्ट्रभर गाजला. त्याचे दोन्ही प्रमुख पुरस्कर्ते १९४९ साली फडके कॉलेजातून निवृत्त होईपर्यंत याच गावात होते! तरीही १९५९ सालची 'ययाति' उघडून पाहावी. ययाती, देवयानी, शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः सांगतात. वासना आणि प्रेम यांतला भेद लेखक उपदेश करून सांगत बसत नाही. एकाच घटनेकडे पाहणाऱ्या तीन दृष्टींतून तो आपल्याला जाणवतो. जीवनवाद्यालाही तंत्रावाचून चालले नाही.

पुढे १९६२ साली कोवाडच्या रणजित देसाईंनी 'स्वामी'त माधवराव-रमाबाईंचे प्रेम रंगविले. तेथे चोरटी भेट नाही, की विवाहाची अडचण नाही. आड येतात ती राज्याची ओझी आणि क्षय. प्रेमकथेची निरगाठ किती निराळ्या ठिकाणी बसू शकते, हे त्यावरून कळावे.

आज आपल्यापैकी ज्या तरुणांच्या वहीत अर्धी कथा पडून असेल, त्यांना आम्ही एवढेच सुचवू. करवीर नगर वाचन मंदिराची पायरी चढा, फडके वाचून बांधणी शिका. मग ग्रंथ मिटून आपल्या गल्लीकडे पाहा. तेथे कोण कोणाची वाट पाहत आहे आणि आड काय येत आहे, हे मात्र तुम्हांलाच शोधावे लागेल.