डुक्कर, डिलाइट आणि पद्मिनी

गेले आठ शनिवार मी गाड्या बघत फिरतोय. नव्या नाही, जुन्या. म्हणजे पार माझ्या दुप्पट वयाच्या. ऑफिसात कळल्यावर एक मित्र म्हणाला, "सिग्नलला बंद पडायलाच घ्यायची, तर एवढं शोधायचं कशाला?" मुद्दा बिनतोड होता. पण मला फियाटच हवी होती, आणि त्याला कारण आबा.

आबा म्हणजे माझे आजोबा. वय ८४. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात त्यांनी तीसेक वर्षं गाड्यांची दारं बसवली. स्वतःची गाडी मात्र कधी झाली नाही. गेल्या वर्षी त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि घरी परतताना टॅक्सीच्या काचेला नाक लावून ते म्हणाले, "एकही दिसत नाही रे आता रस्त्यावर." तेव्हाच ठरवलं. एक आणायची, आणि त्यांना दिसतंय तोवर आणायची.

पहिला प्रश्न, कुठल्या सालची? वाटलं होतं, अर्ध्या तासात ठरेल. पण मंडळी, हा प्रश्न धरून मागे जात राहिलं की अर्ध्या शतकाचा इतिहास हाती लागतो.

सुरुवात सोलापूरकर वालचंद हिराचंदांपासून. जहाजं, विमानं आणि मोटारी हे तिन्ही उद्योग इथे उभे राहावेत म्हणून झगडलेला हा माणूस. प्रीमियर ऑटोमोबाइल्स त्यांनी १९४४ साली स्थापन केली आणि क्रायस्लरशी करार करून कुर्ल्यात डॉज, प्लिमथसारख्या गाड्या जोडायला घेतल्या. तेव्हा मुंबईत परदेशी कंपन्याही गाड्या जोडत होत्या. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना तर १९२८ पासूनचा. मग १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशींवरून सरकारने धोरण बदललं. ज्यांना इथे सुटे भाग बनवायचे आहेत त्यांनी राहावं, नुसतं जोडकाम चालणार नाही. फोर्ड आणि जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. मैदानात मोजके देशी खेळाडू उरले.

त्याच वर्षी, १९५३ मध्ये, इटलीच्या फियाटने जिनिव्हाच्या प्रदर्शनात नवी ११०० आणली होती. प्रीमियरने ती लगेच उचलली आणि १९५४ च्या सुमारास ती कुर्ल्यातून बाहेर पडू लागली. हीच ती गुबगुबीत 'डुक्कर फियाट'. पुढून पाहिलं तर नाव कुणी ठेवलं हे विचारायची गरज पडत नाही. :-) तिची पुढची दारं मागच्या बाजूला बिजागरी असलेली, म्हणजे उलटी उघडणारी. आज तिचे भाव गगनाला भिडलेत, तेव्हा ती माझ्या यादीतून पहिल्याच शनिवारी बाद.

१९६४ साली आली ११००-डी, म्हणजे 'डिलाइट'. त्याच साली लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना १२,००० रुपयांची फियाट घेतली. पैसे कमी पडले म्हणून पंजाब नॅशनल बँकेचं ५,००० रुपयांचं कर्ज काढलं. १९६६ च्या जानेवारीत ताश्कंदला ते गेले, आणि ते कर्ज नंतर ललितादेवींनी फेडलं. गंमत बघा, प्रीमियरचा कारखाना होता त्या कुर्ल्यातून जाणाऱ्या हमरस्त्याचं नाव आज लालबहादूर शास्त्री मार्ग आहे.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला फियाटचं नाव गेलं. तीच गाडी आधी 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून चितोडच्या राणीच्या नावाने 'प्रीमियर पद्मिनी'. लोक मात्र शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत राहिले. आमचे आबा तर अजून म्हणतात.

आता खरी विचार करण्यासारखी गोष्ट. इटलीत ११००-डी १९६६ साली बंद झाली. आपल्याकडे तिचाच सांगाडा २००० च्या आसपासपर्यंत बनत राहिला! तेच १०८९ सीसीचं इंजिन, चारही चाकांना ड्रम ब्रेक. कारण सरळ आहे. किती गाड्या बनवायच्या हे लायसन्स ठरवणार, आयात जवळजवळ बंद, आणि गिऱ्हाईक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायला तयार. रांग लागलेली असताना डिझाइन बदलायचा खर्च कोण करेल? आमच्या भाषेत सांगायचं तर युजर कुठेच जाणार नसेल, तर पुढचं व्हर्जन काढतंय कोण? १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि ही सगळी गणितं उलटली.

पण जे तेव्हाच्या गिऱ्हाइकाच्या नशिबी आलं, ते आज जुनी गाडी उभी करणाऱ्याच्या पथ्यावर पडतं. एकच गाडी इतकी वर्षं चालल्याने एका सालचे बरेचसे भाग दुसऱ्या सालच्या गाडीला बसतात. शिवाय मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे तिचे मेकॅनिकही टिकले. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवला नोंदवली गेली, आणि २० वर्षांच्या नियमाने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. म्हणजे मेकॅनिक आणि सुटे भाग दोन्ही आता दिवसेंदिवस कमीच होणार. घाई त्याचीही होती.

असो. प्रत्यक्ष शोधाकडे येऊ. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे इंजिन बिघडलं तर दुरुस्त होतं, पण खालचा पत्रा सडला असेल तर गाडीचा कणाच गेला म्हणायचं. म्हणून खिशात फ्रिजवरचं लोहचुंबक घेऊन फिरलो. ठाण्यातली पहिली गाडी चकाचक होती, नवा कोरा रंग. दाराखाली चुंबक लावलं तर टपकन खाली पडलं. पत्रा नव्हताच, नुसती पुट्टी! दुसरी छान होती, पण आरसी बुक वारलेल्या वडिलांच्या नावावर आणि तीन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. कागद नाहीत तर गाडी नाही, हा नियम मी मनाशी पक्का केला होता. जड मनाने परत आलो.

तिसरी साताऱ्याजवळ सापडली. १९७४ ची, जुन्या तीन अक्षरी नंबरची, इंजिन गोठलेलं. मालकाने दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण मात्र न चुकता केलेलं. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळी 'व्हीए' नोंदणी निघाली आहे, पण तशी गाडी रोज वापरता येत नाही. मला आबांना कधीही फिरवायचं होतं, म्हणून साधीच नोंदणी ठेवायचं ठरवलं.

आबांना सोबत नेलं होतं. त्यांनी चुंबक हातातही घेतलं नाही. दाराखाली बोटं फिरवली, पत्र्यावर टिचक्या मारत गाडीभोवती एक चक्कर मारली. मग ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि हलकेच लोटलं. ते अर्ध्यावरच अडकलं.

"नको घेऊ का, आबा?" मी विचारलं.

"अरे, पत्रा चांगला आहे. दार कुणीतरी नंतर बसवलंय. आमचं नाही हे काम."

झालं! गाडी घेतली. माझे दोन पगार गेले. फॉर्म २९ आणि ३० भरले, टेम्पोवर घालून ती सोसायटीत आणली. सेक्रेटरींची 'भंगार हटवा' अशी नोटीसही आली. इंजिन उतरवायचा माझा बेत अजून बेतच आहे, कारण आबा हात लावू देत नाहीत. रोज संध्याकाळी पाच वाजता खाली येतात, डोळा जवळ नेऊन दाराची फट बघतात आणि मला पाना धरायला लावतात.

"आधी दार," म्हणतात, "इंजिनाचं मग बघू."