फिरंगाई : नावामागची आई

पुणे-सोलापूर रस्त्यावरील कुरकुंभ हे गाव आज रासायनिक कारखान्यांच्या वसाहतीमुळे ओळखले जाते. दौंड परिसरातील भाविकांच्या लेखी मात्र ते फिरंगाई देवीचे ठाणे आहे. ही तुळजाभवानीच, अशी श्रद्धा आहे. आणि स्थान ‘प्राचीन’ असल्याचेही आवर्जून सांगितले जाते. या प्राचीनतेविषयी पहिली शंका उपस्थित करते ते देवीचे नावच.

‘फिरंग’ हा शब्द मूळचा आपला नव्हे. ‘फ्रँक’ या युरोपीय लोकांच्या नावावरून तो अरबी-फारसीत रूढ झाला व तेथून इकडे आला. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात ‘फिरंग’ हे एका रोगाचे नाव आहे. १५१० मध्ये गोवा घेणारे पोर्तुगीज आपल्या भाषेत ‘फिरंगी’ झाले, आणि युरोपीय पात्याच्या लांब, सरळ तलवारीला मराठे ‘फिरंग’ म्हणू लागले. १६६० मध्ये शाइस्तेखानाविरुद्ध चाकणचा किल्ला लढवणाऱ्या फिरंगोजी नरसाळ्याचे नावही याच कुळातले.

शस्त्रधारिणी देवीला तलवारीचे नाव मिळावे यात नवल नाही. शिवाजी महाराजांच्या तलवारीला भवानीचे नाव लाभले. येथे तलवारीचे नाव भवानीला लाभले असावे, असे मला वाटते. तसे असेल तर हे नाव मराठेशाहीच्या काळापेक्षा फारसे जुने असू शकत नाही.

मग देवीही अर्वाचीन ठरते काय? शेजारच्या शिरूर तालुक्यात कवठे येमाई आणि कान्हूर मेसाई ही गावे देवीचेच नाव मिरवतात. सीतेचे रूप घेऊन आलेल्या पार्वतीला रामाने ओळखले व ‘ये माई’ म्हणून हाक मारली, अशी येमाईची कथा सांगतात; तुकाईसाठी हीच कथा ‘तू का आई’ असे वळण घेते. भाषाशास्त्र अशा व्युत्पत्ती मान्य करणार नाही. परंतु जुन्या नावाचा अर्थ विसरल्यावरही लोकांनी देवीशी आपले नाते कसे जोडून घेतले, हे त्यातून कळते.

तुकाई, येमाई, मेसाई, फिरंगाई : पूर्वपद बदलते, ‘आई’ कायम राहते. प्राचीन आहे ती ही हाक. म्हणून प्राचीनतेच्या हौसेपायी फिरंगाईला एखादे संस्कृत, पौराणिक नाव चिकटवू नये. या परक्या शब्दातच मुलखाची दोन-तीन शतके साठलेली आहेत. तो पुसला तर देवी जुनी होणार नाही, आपली स्मृती मात्र तेवढी उणी होईल.