परीक्षकाचें इमान

व्हिडिओ गेमच्या परीक्षकास खेळाची प्रत बहुधा तो खेळ काढणारी कंपनीच आगाऊ धाडते. मग त्याच्या स्तुतीचा भरंवसा कितपत धरावा, असा प्रश्न वाचकास पडतो. मराठी ग्रंथपरीक्षणास हा पेंच नवा नाहीं. विष्णुशास्त्री चिपळूणकर ‘शालापत्रक’ चालवीत. पण तें पडलें सरकारी शिक्षणखात्याचें मासिक. त्यांत त्यांनीं सरकारवर व मिशनऱ्यांवर टीका केली, आणि १८७५ मध्यें तें बंद झालें. तत्पूर्वींच, १८७४ च्या जानेवारींत, त्यांनीं स्वतःची ‘निबंधमाला’ काढली होती. तेथें ना खात्याची मर्जी, ना ग्रंथकाराची भीड! लोकहितवादींसारख्या वडिलधाऱ्या लेखकासही त्यांनीं सोडलें नाहीं.

परंतु ही निर्भीड लेखणी निःपक्षपाती होती, असें मात्र म्हणवत नाहीं. जोतीराव फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेतांना शास्त्रीबोवांनीं व्याकरणाच्या चुका मोठ्या चवीनें वेंचल्या. ‘गुलामगिरी’चा (१८७३) कर्ता ब्राह्मणी वर्चस्वावर जो आरोप करीत होता, त्याची बोळवण उपहासानेंच झाली. येथें त्यांस कोणीं द्रव्य दिलें नव्हतें. परीक्षक स्वतःच त्या खटल्यांतील पक्षकार होता; आणि त्याच्या ठसकेबाज भाषेवर लुब्ध झालेल्या वाचकांपैकीं पुष्कळजणही त्याच पक्षाचे होते.