दाल आधी की रे आधी?

मकतबात अलिफ-बे शिकताना दाल आणि रे ही दोन अक्षरे आम्हां मुलांना हमखास चकवीत. दाल जरा सैल पडली की तिची रे होई आणि मौलवीसाहेबांची छडी हातावर बसे. पुढे बऱ्याच वर्षांनी कळले, की याच दोन अक्षरांच्या अदलाबदलीने एका थोर इतिहासकाराच्या ग्रंथातून माकडे नाहीशी झाली होती.

हा इतिहासकार म्हणजे इब्न खल्दून. जन्म ट्यूनिसचा, १३३२ चा; इंतकाल कैरोत, १४०६ मध्ये. १३७७ साली लिहिलेल्या 'मुकद्दिमा'त त्याने सृष्टीची साखळी मांडली आहे. खनिजांचे शेवटचे टोक वनस्पतींना भिडते. खजूर आणि द्राक्षवेल ही वनस्पतींची वरची पायरी, तर गोगलगाय आणि शिंपले ही प्राण्यांची पहिली. असे चढत चढत आपण विचार करणाऱ्या माणसापर्यंत येतो. माणसाच्या लगेच खालची पायरी त्याने 'किरदा'ची, म्हणजे माकडांची सांगितली आहे. त्यांना चतुराई आहे, जाण आहे, पण प्रत्यक्ष विचार नाही, असे तो म्हणतो.

'किरदा' लिहायचे तर काफ, रे, दाल. रे आणि दाल यांची जागा बदलली की होते 'कुदरा'. आपल्या बोलण्यातली 'कुदरत' तीच. अनेक छापील आवृत्त्यांत हेच झाले आणि माणूस माकडांच्या जगाशेजारून उठून कुदरतीच्या जगाशेजारी जाऊन बसला. फ्रान्झ रोझेंथाल यांनी १९५८ च्या इंग्रजी भाषांतरात मात्र 'माकडे' असेच घेतले. ही लेखनिकाची हातचूक, की कुणाला लाज वाटली म्हणून केलेली दुरुस्ती? मला एवढेच दिसते, की 'कुदरत' वाचले तर वाक्य लंगडते. ईश्वरी सामर्थ्याच्या जगात जाण आहे पण विचार नाही, असे कोण म्हणेल?

म्हणून इब्न खल्दून हा डार्विनच्या आधीचा डार्विन, असा डंका आपल्याकडे कधीकधी पिटला जातो, तोही मला पटत नाही. तो पायऱ्या सांगतो. एका जातीची दुसरी जात कशी घडली, हे डार्विनसारखे दाखवत नाही. आणि डंका पिटणारे त्याच ग्रंथातली दुसरी एक जागा सांगत नाहीत. दक्षिणेकडच्या काळ्या लोकांत माणूसपण थोडे आणि मुक्या जनावरांचे गुण फार, म्हणून ते गुलामी सहज पत्करतात, असेही त्याने लिहून ठेवले आहे. माकडाला माणसाशेजारी बसवणाऱ्या त्याच लेखणीने जिवंत माणसांना पायरीवरून खाली ढकलले.

माणसासाठी आपल्या घरात शब्दांची कमी नाही. मनूवरून मनुष्य, त्याचा माणूस. हजरत आदम यांच्यावरून आदमी. 'इन्सान'ची व्युत्पत्ती अरबी कोशकार दोन तऱ्हांनी देतात: एक 'उन्स' म्हणजे जवळीक, दुसरी 'निस्यान' म्हणजे विसर. मलय भाषेतही अशीच गर्दी आहे. संस्कृतातून गेलेला 'मानुसिया', अरबीतून गेलेला 'इन्सान', आणि त्यांचा स्वतःचा 'ओरांग'. 'हुतान' म्हणजे रान. ओरांग हुतान म्हणजे रानातला माणूस, आपला वनमानुष. त्या प्राण्याला सुमात्रात 'मावास', सारावाकात 'मायास' अशीही नावे आहेत. पण युरोपात गेला तो ओरांगउटान.

तो नेला याकोबुस बोंटियुस या डच वैद्याने. तो बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, १६३१ मध्ये मरण पावला. त्याचे लेखन १६५८ मध्ये छापून निघाले. जावातले लोक सांगतात, की या प्राण्यांना बोलता येते, पण बोलले तर कामाला जुंपतील म्हणून ते बोलत नाहीत, असे त्याने लिहिले आहे. डच कंपनीच्या गुलामांनी भरलेल्या शहरात ही गोष्ट सांगणारा गालातल्या गालात हसत असेल, असे मला नेहमी वाटते. वैद्यबुवांनी ती निमूटपणे टिपून घेतली.

मग हे नाव सैरावैरा धावले. १६९९ मध्ये लंडनच्या एडवर्ड टायसन यांनी अंगोलाकडून आलेल्या एका पिल्लाचे शवविच्छेदन करून 'ओरांगउटान' म्हणून ग्रंथ लिहिला. ते पिल्लू होते चिंपांझीचे. स्वीडनच्या लिनियसने १७४७ च्या एका पत्रात विचारले, की निसर्गशास्त्राच्या कसोटीवर माणूस आणि माकड यांत फरक दाखवा. मला तर सापडत नाही. माणसाला माकड म्हटले तर धर्मपंडित अंगावर येतील, ही धास्तीही त्यात आहे. १७५८ मध्ये त्याने दोघांना एका गणात घातले आणि त्याला 'प्रायमेट्स', म्हणजे पहिल्या मानाचे, असे नाव दिले. त्याच ग्रंथात माणसांचे रंगावरून गट पाडून त्यांना गुणदोषही चिकटवले. इब्न खल्दूनचीच तऱ्हा.

मराठी विश्वकोशात या गणाला 'नरवानर गण' म्हटले आहे. त्यात पहिला-दुसरा मान नाही. नर आणि वानर शेजारी बसले आहेत. 'वानर' म्हणजे 'वा नर', हा नर तर नव्हे, अशी फोड कीर्तनकार सांगतात. व्याकरणाला ती मान्य नाही, शब्द वनावरून आला असे जाणकार म्हणतात. पण ऐकणाऱ्याला ती पटते.

अरबी वाचता येणाऱ्या कुणाच्या घरी 'मुकद्दिमा' असेल, तर ते पान उघडून पाहावे. खजूर आणि शिंपल्यांच्या पुढे दोन-चार ओळींवर तो शब्द आहे. काफनंतर दाल आहे की रे, तेवढे मला कळवावे.